दीड तोळ्याची गोळी

आप्पांना रिव्हॉल्वर घ्यायचंय, ही बातमी सकाळी किराणा दुकानात फुटली. दुपारपर्यंत तिची "आप्पांना कुणीतरी धमकी दिलीय" अशी झाली. संध्याकाळी वाळलेल्या कुरडया गोळा करता करता वहिनींनी ती तारेच्या कुंपणावरून माझ्याकडे दिली, तेव्हा तिच्यात दोन सुना, एक बांध आणि रेल्वेचा मावेजा एवढं सगळं येऊन मिळालं होतं.

"बाई, ऐकलं का? आप्पा बंदूक घ्यायलेत."

"कुणासाठी?" मी विचारलं. आमच्याकडे हा प्रश्न 'कशासाठी'च्या आधी येतो.

"तेच तर! कुणासाठी न्हाई, नेमबाजी खेळणारेत म्हणं. ह्या वयात! गुडघ्याला तेल चोळल्याबिगर पायरी चढत न्हाईत."

"नेमबाजीत पायऱ्या कुठं चढायच्यात, वहिनी? एका जागी उभं राहायचं असतं."

"मग जमंल. दर इलेक्शनला उभेच राहतेत की ते."

आप्पांची हकीकत गल्लीला पाठ आहे. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव रेल्वेमार्गात जमीन गेली, मावेजा आला. त्यातून आधी गाडी झाली, मग वरचा मजला झाला, मग काशी झाली. तरीही पैसे उरले. उरलेला पैसा माणसाला स्वस्थ बसू देत नाही. त्यातच १ ऑगस्ट २०२४ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ मिळवलं. रेल्वेत टीसीची नोकरी करणारा पोरगा ऑलिंपिकचं पदक आणतो, मग ज्याच्या शेतातून रेल्वे गेली त्यानं काय घोडं मारलंय, असा आप्पांचा हिशोब. शिवाय टेक्सासला असलेल्या पुतण्यानं व्हिडिओ पाठवला. त्यात तो लांब नळीचं चकचकीत रिव्हॉल्वर दोन्ही हातांत धरून धडाधड गोळ्या मारतोय. झालं. आप्पांनी पारावर जाहीर केलं, "घ्यायचं तर मोठ्या बोअरचंच. बारकं सारकं आपल्याला शोभत न्हाई."

एवढ्यात आतून सुभेदार आले. वहिनींचे मालक. फौजेत बरीच वर्षं हत्यारं शिकवण्यात गेली त्यांची. माणूस मितभाषी, पण बंदुकीचा विषय निघाला की कुंपणाला टेकून उभे राहतात आणि मग पाण्याची मोटार बंद करायचंही भान राहत नाही.

"भाऊ, खरं आहे का हे?"

"खरंय. काल माझ्याकडंच आल्ते. म्हणाले, सुभेदार, असं रिव्हॉल्वर सांगा की बोअर मोठा पायजे, हाताला सोपं पायजे अन् नेम कधी चुकला न्हाई पायजे."

"मग?"

"म्हणलं, आप्पा, यातलं एक काय ते सांगा. तिन्ही एकदम देवालाच मागायचं."

वहिनी म्हणाल्या, "बोअर मोठा म्हणजे काय ओ? आवाज मोठा का?"

"बोअर म्हणजे नळीच्या आतलं तोंड. ते मोठं म्हणजे गोळी जाड. अन् गोळी जाड म्हणजे वजनदार." सुभेदारांनी इकडंतिकडं बघितलं. ज्या बाईला आकडा पटवायचाय तिच्या गळ्याकडं बघून त्यांना माप सुचलं. "हे बघ. आपल्याकडं जे ३२ बोअरचं रिव्हॉल्वर मिळतं, त्याची गोळी ९८ ग्रेनची. म्हणजे सहा ग्रॅम अन् वर थोडं. जुन्या तोळ्यानं अर्धा तोळा धर. आता इंग्रजांच्या फौजेत वेब्लीचं ४५५ बोअरचं रिव्हॉल्वर होतं, पहिल्या महायुद्धातलं. त्याची गोळी २६५ ग्रेन. सतरा ग्रॅमच्या वर. दीड तोळा!"

वहिनींचा हात मंगळसूत्राकडं गेला. "दीड तोळा एका टायमाला फेकून देत्यात?"

"शिसं असतंय ते, सोनं न्हाई."

"तरी पण."

"आता दीड तोळा जेवढ्या जोरानं म्होरं जातोय, तेवढाच झटका मागं हाताला येतोय. ते कुणाला चुकलं न्हाई. पुतण्याच्या हातातलं ते ४४ मॅग्नम हाय. गोळी २४० ग्रेनची, वेब्लीपेक्षा थोडी हलकीच. पण वेग जवळपास दुप्पट. म्हणून व्हिडिओत बघा, गोळी सुटली की पोराचे हात पार कपाळापर्यंत जातेत. आप्पांना ते मर्दानी वाटलं. मला त्याच्या मनगटाची कीव आली."

मी म्हटलं, "पण भाऊ, ते मॅग्नम इथं मिळणार आहे का?"

"हां, आता बाई मुद्द्यावर आल्या." सुभेदारांनी दोन्ही कोपरं खांबावर ठेवली. "कायद्यानं बोअरचे दोन भाग केलेत. एक प्रतिबंधित, एक अप्रतिबंधित. सरकारी फौजेचं काडतूस ज्यात बसंल ते सगळं पहिल्या भागात. ३०३ची रायफल, ९ मिलिमीटरचं पिस्तूल, ३८०चं रिव्हॉल्वर, अन् हे ४५५ बी. त्याचा परवाना जिल्हाधिकारी देऊच शकत न्हाईत, ते दिल्लीच्या हातात. म्हणून तर ३२ बोअर एवढा गावागावांत पसरला. लोकांना आवडतो म्हणून न्हाई, मोकळा हाय म्हणून."

"म्हणजे आप्पांच्या मोठ्या बोअरला सरकारचाच बांध आडवा आला," मी म्हटलं.

"अन् परवाना सोपा हाय व्हय? अर्ज कलेक्टर हपिसात, चौकशी पोलिसांची, वर हत्यार हाताळायचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र. २०१९ला कायदा बदलला. पैला एका माणसाला तीन हत्यारं ठेवता यायची, आता दोनच. परवान्याची मुदत तेवढी वाढली, तिनाची पाच वर्षं. अन् लग्नात, वरातीत हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत आत, न्हाईतर लाखापर्यंत दंड, न्हाईतर दोन्ही."

"अगं बया! मग थोरल्या नातवाच्या लग्नात काय करतील आप्पा?"

"डॉल्बी लावतील. त्याला बी बंदी हाय, पण ते एक असो."

खरं सांगायचं तर या गप्पेत मला हसू येत होतं तसं थोडं अवघडल्यासारखंही होत होतं. आमच्या जिल्ह्यात बंदूक हा शब्द खेळाच्या अंगानं कधी आलाच नाही. माझ्या आईचं माहेर नळदुर्गच्या बाजूचं. १३ सप्टेंबर १९४८ला सोलापूरकडून हिंदी फौज आली, नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल तिनं शाबूत ताब्यात घेतला आणि निजामाच्या मुलखात पहिली चकमक तिथंच झाली. त्याच्या आधीचे रझाकारांचे दिवस आई सांगायची, त्यात बंदूक नेहमी दुसऱ्याच्या हातात असायची आणि आपण ज्वारीच्या कणगीमागं. त्यानंतर बंदूक दिसली ती पोलिसाच्या खांद्यावर, बँकेच्या दारात आणि पुढाऱ्याच्या मागं बसलेल्या माणसाच्या कमरेला. शेजारच्या बीडमध्ये २०२५मध्ये परवान्यांची छाननी झाली, कितीतरी रद्द झाले, त्याच्या बातम्या आम्ही रोज वाचत होतो. अशा मुलखात एखादा म्हणतो की मला कागदावरच्या काळ्या गोलाला भोकं पाडायचीत, तर त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार? म्हणून तर दुकानातली बातमी दुपारपर्यंत धमकीवर आली.

"पण भाऊ," मी विचारलं, "खेळ म्हणून मोठ्या बोअरचा प्रकार असतो ना?"

"असतोय की. सेंटर फायर पिस्तूल म्हणतेत. २५ मीटरवरून. ऑलिंपिकमधी न्हाई, पण जागतिक अजिंक्यपदाच्या स्पर्धेत हाय. रिव्हॉल्वर बी चालतंय त्यात. आता गंमत बघा. त्याला मोठा बोअर म्हणतेत खरं, पण नियम काय? ७.६२ मिलिमीटर ते ९.६५ मिलिमीटर. म्हणजे तिसाच्या पुढं अन् अडतिसापर्यंत. त्याच्यावर एक केसभर न्हाई. अन् मॅग्नम काडतुसाला तर दारातच मनाई."

"म्हणजे पुतण्याचं ते..."

"स्पर्धेत घेऊन गेला तर तपासणीच्या टेबलावरनंच परत. आपल्या देशातले खेळाडू बहुतेक ३२वरच खेळतेत. चपट्या तोंडाची गोळी असती, वॉडकटर. टोकदार गोळी कागद फाडती, ही पंचनं पाडल्यासारखं गोल भोक पाडती. मार्क मोजताना भांडण न्हाई. दारू कमी भरलेली, झटका बी कमी. अन् त्याच बारक्या गोळीवर लोकांनी नाव काढलं. मुंबईचे अशोक पंडित, १९९०ला ऑकलंडच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ह्याच प्रकारात सुवर्ण. जसपाल राणा, १९९४ला हिरोशिमाच्या एशियाडमधी सुवर्ण, अन् २००६ला दोह्याला अंगात ताप असताना ५९० मार्क मारून जागतिक विक्रमाची बरोबरी."

"कितीपैकी?"

"सहाशेपैकी. साठ गोळ्या असतेत. तीस सावकाशीच्या, पाच मिनिटांत पाच. अन् तीस घाईच्या. लक्ष्य तीन सेकंद तोंड दाखवतंय, सात सेकंद पाठ. त्या तीन सेकंदांत हात खालनं वर आणायचा अन् एक गोळी मारायची. सावकाशीच्या लक्ष्यात दहाचा गोल केवढा? पाच सेंटिमीटर. पंचवीस मीटरवर!"

वहिनींनी कुंपणापासून समोरच्या लिंबाच्या झाडापर्यंत नजर टाकली आणि हातातली कुरडई त्या मापानं बघितली. "ह्याच्यापेक्षा बारका."

"अन् दोन्ही हातांनी धरायचं न्हाई. पुतण्या धरतोय तसं चालत न्हाई. एकच हात, सरळ लांब, मनगटाला कसलाच आधार न्हाई. दुसरा हात खिशात न्हाईतर पट्ट्यात. आता ह्यात हाताला सोपं म्हणजे काय, ते आप्पांना मी किराणा दुकानात दाखवलं."

हा भाग वहिनींना माहीत नव्हता. सकाळी बातमी दुकानातून का फुटली, त्याचा उलगडा आत्ता होत होता. त्यांनी कुरडयांची पाटी खाली ठेवली.

सुभेदार सांगू लागले. आप्पा दुकानात गिऱ्हाइकांसमोर बोअरची बढाई मारत होते. सुभेदारांनी तराजूतलं किलोचं वजन उचललं, त्यावर दोनशे ग्रॅमचं एक आणि आणखी एक ठेवलं, तिन्ही रुमालात बांधली आणि आप्पांच्या हातात दिली. २५ मीटरच्या पिस्तुलाचं जास्तीत जास्त वजन १४०० ग्रॅम असावं असा नियम आहे. "आप्पा, हात सरळ करा अन् समोरच्या बिस्किटाच्या पुड्यावरचं एक अक्षर धरून ठेवा." आप्पांनी हात लांब केला. थोड्या वेळानं अक्षर सुटलं, मग पुडा सुटला, मग फळी सुटली. शेवटी हात शेंगदाण्याच्या पोत्यात गेला. दुकानदार म्हणाला, वजनं पुसून द्या.

"अन् हे नुसतं धरणं झालं," सुभेदार म्हणाले. "अजून बार उडायचाच हाय."

"मग हलकं घ्यावं की," वहिनी म्हणाल्या. "पर्शीत मावणारं. बायकांसाठी निघालं होतं ना एक?"

"निर्भीक. कानपूरच्या आयुध कारखान्याचं, २०१४ला आलं. ३२ बोअर, पाचशे ग्रॅम वजन, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास. पर्शीत न्यायला चांगलं. पण नेमाच्या खेळाला हलकं हत्यार म्हणजे दुखणं. तीच गोळी हलक्या हत्यारातनं मारली तर झटका जास्त, जड हत्यारातनं मारली तर कमी. रिकामी ट्रॉली खड्ड्यात जशी उडती तसं. अन् नळी आखूड म्हणजे पुढची माशी अन् मागची खाच जवळजवळ. हात सुताएवढा हलला तरी डोळ्याला कळत न्हाई अन् तिकडं गोळी वितभर बाजूला. २०२३ला कानपूरनंच 'प्रबल' काढलं. सातशे ग्रॅम, नळी ७६ मिलिमीटर, चक्री बाजूला उघडती. पैल्यापेक्षा लई बरं. तरी ते सोबत बाळगायचं हत्यार. स्पर्धेत नळी १५३ मिलिमीटरपर्यंत चालती. दुप्पट."

मला आता विषयात रस वाटू लागला होता. "म्हणजे बाळगायला सोयीचं ते मारायला गैरसोयीचं?"

"अगदी बरोबर. दुकानात हातात घेतल्यावर जे गोड वाटतंय ते पन्नासाव्या गोळीला गोड राहत न्हाई. सोपं हत्यार कुठलं, तर ज्याची मूठ आपल्या हातावर बेतलीय. बोअर नंतर."

मग त्यांनी मूठ समजावली. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या बेचक्यात हत्याराचा मागचा भाग नेमका बसला पाहिजे. नळीची रेघ आणि कोपरापासूनच्या हाताची रेघ एक झाली पाहिजे, म्हणजे झटका सरळ मागं खांद्यात जातो, मनगटाला मुरगळा देत नाही. चापावर बोटाचं पहिलं पेर यावं. बोट आखूड आणि मूठ जाड असेल तर टोकानं ओढलं जातं, गोळी एका बाजूला. बोट लांब आणि मूठ बारीक असेल तर सांधा अडकतो, गोळी दुसऱ्या बाजूला. नेमबाज लोक अक्रोडाच्या लाकडाची मूठ घेतात, कानशीनं घासतात, कुठं पोकळी राहिली तर लाकडाची लुगदी भरतात, परत घासतात. काहींचं हे घासणं वर्षानुवर्षं चालू असतं.

"आमच्या सुताराकडून करून घ्यावी की आप्पांनी," वहिनी म्हणाल्या. "पाटाचे पाय केल्ते, अजून हालतेत."

"अन् रिव्हॉल्वरचा आणखी एक घोळ," सुभेदारांनी वहिनींकडं दुर्लक्ष केलं. "घोडा न चढवता नुसता चाप ओढला तर चक्री फिरवायचं, घोडा उचलायचं अन् सोडायचं, सगळं काम त्या एका बोटाला. चार-पाच किलोचा जोर लागतोय. एवढ्या जोरात हात न हालता राहील व्हय? म्हणून नेमाच्या खेळात आधी अंगठ्यानं घोडा चढवायचा अन् मग हलक्या चापावर गोळी सोडायची. पण हलका म्हणजे किती, त्याला बी नियम हाय. किमान एक किलो. स्पर्धेच्या आधी वजन टांगून बघतेत. घोडा पडला तर हत्यार बाद."

मी विचारलं, "मग अमेरिकेतली माणसं ते अवजड मॅग्नम घेऊन नेम कसा धरतात?"

सुभेदारांना हा प्रश्न आवडला. त्यांनी काल रात्री पुतण्याशी फोनवर बोलणं केलं होतं. आप्पांनीच लावून दिला होता, साक्षीला. आणि साक्ष उलटली. पुतण्या म्हणाला, काका, व्हिडिओपुरतं मॅग्नम मारलं, दुसऱ्या दिवशी ऑफिसात माऊस धरवेना. तिकडं रेंजवर रिव्हॉल्वर भाड्यानं मिळतात, तो आलटून पालटून घेऊन बघतो. ४४ मॅग्नम स्मिथ अँड वेसननं १९५५च्या शेवटाला काढलं, पुढं १९७१च्या 'डर्टी हॅरी' सिनेमात क्लिंट ईस्टवुडच्या हातात ते आलं आणि तेव्हापासून प्रत्येक नवशिक्याला तेच हवं असतं. पण रेंजवरचे जुने लोक त्याच जड रिव्हॉल्वरमध्ये मॅग्नमऐवजी ४४ स्पेशल घालतात. काडतूस थोडं आखूड, दारू कमी. ३५७ मॅग्नमवाले तसंच ३८ स्पेशल घालतात. हत्यार जड, नळी लांब, मुठीला रबर आणि काडतूस मऊ. मग दुपारभर मारलं तरी हात शाबूत. पुतण्याचं शेवटचं वाक्य आप्पांनी स्पीकरवर ऐकलं: "काका, इथं लोक मोठं घेतात अन् बारक्यासारखं वापरतात."

"मग आप्पा काय म्हणाले?"

"म्हणाले, नेटवर्क न्हाई."

वहिनींना हसू आवरेना. हसता हसता त्यांच्यातली संसारी बाई जागी झाली. "काडतूस केवढ्याला पडतंय ओ एक?"

"किमतीचं सोड. परवान्यावर कोटा लिहिलेला असतोय, अमुक एका वेळी, अमुक वर्षाला. संरक्षणाच्या परवान्यावर मिळतेत त्यात दोन-चार मॅची खेळल्या की संपलं. एक मॅच साठ गोळ्यांची, वर नमुन्याच्या वेगळ्या. अन् सराव? खेळाडू म्हणून नाव लागलं, राज्य-राष्ट्रीय स्पर्धांत मार्क पडले, तर होतकरू अन् पुढं नामांकित नेमबाज म्हणून जास्त काडतुसं मिळतेत, परदेशी हत्यार मागवायची सवलत बी मिळती. पण ती आधी मार्क मारून. मावेज्यानं न्हाई."

"मग आप्पांनी करावं काय?" मी विचारलं. कारण कितीही हसलो तरी आप्पा आमचेच. कोविडच्या दिवसांत गल्लीला भाजी त्यांच्याच शेतातून आली होती.

सुभेदार थोडे गंभीर झाले. "मी सांगितलंय त्यांना. एअर पिस्तूल घ्या. १७७ बोअर, म्हणजे साडेचार मिलिमीटर. वीस ज्यूलच्या आतलं असलं की परवाना लागत न्हाई. दहा मीटर जागा पायजे, तेवढा तुमचा ओटा हाय. मागं जाड लाकूड, त्याच्या मागं भिंत, अन् नातवंडं घरात. रोज अर्धा तास नुसतं कोरं मारायचं, छर्रा न घालता. चाप ओढताना पुढची माशी हालती का ते बघायचं. त्या पॅरिसला मनू भाकर अन् सरबज्योतनं ब्राँझ मारलं ते ह्याच साडेचार मिलिमीटरवर. कोल्हापूरची राही सरनोबत, २०१३ला कोरियात वर्ल्ड कपचं सुवर्ण, २०१८ला पालेमबांगला एशियाडचं सुवर्ण. तिचं पिस्तूल २२ बोअरचं. बारकंच!"

"साडेचार मिलिमीटर ऐकून आप्पांचं तोंड कसं झालं असंल," वहिनी म्हणाल्या.

"झालं खरं. पण मग मी डोळ्याचं सांगितलं. चाळिशीनंतर जवळचं अंधुक होतंय. नेमबाजीत हाताच्या टोकाला असलेली माशी ठळक पायजे, लांबचं लक्ष्य धुरकट असलं तरी चालतंय. आप्पांचं नेमकं उलटं हाय. पारावर बसून फाट्यावर कोण उतरलं ते सांगतेत अन् हातातला सातबारा नातवाकडनं वाचून घेतेत. म्हणलं, आधी डॉक्टरकडं जाऊन त्या अंतराचा चष्मा करा. अन् बार मारायचा तर कानाला झाकण पायजेच. एक कान त्यांचा आधीच गेलाय, दुसरा ठेवा मालकिणीचं ऐकायला."

"तोच न्हाई म्हणतील ठेवायला," वहिनी पुटपुटल्या.

मला आठवलं, धाराशिवचं नाव खेळात झालं ते खो-खोमुळं. सारिका काळेला २०२०मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. त्या खेळाला दोन खांब आणि मोकळं मैदान पुरतं. नेमबाजीचं तसं नाही. तिला रेंज लागते, काडतूस लागतं, परवाना लागतो आणि प्रत्येक पायरीवर पैसा लागतो. मोठा सराव करायचा तर पुण्याची बालेवाडी गाठावी लागते. गरिबाच्या पोराला ते जमायचं तर पोलीस, फौज, रेल्वे, नाहीतर क्रीडा प्रबोधिनी. मी तसं बोलून दाखवलं. "भाऊ, आप्पांकडं पैसा आहे तर त्यांनी स्वतःच्या कमरेपेक्षा शाळेतल्या चार पोरींना दोन एअर पिस्तुलं का घेऊन देऊ नयेत?"

सुभेदार माझ्याकडं बघत राहिले. "बाई, हे मी बोललो असतो तर आप्पांना वाटलं असतं, सुभेदार मला म्हातारा म्हणतोय. तुम्ही बोला. तुम्ही त्यांच्या लेकराला शिकवलंय."

"बोलते. पण आधी त्यांना थोडे दिवस मारू देत. स्वतः दहा छर्रे मारून एकही काळ्यात लागला नाही, की पोरींची किंमत कळेल."

"अन् मोठ्या बोअरचं काय सांगू?" सुभेदारांनी विचारलं. "उद्या परत येतील. म्हणतील, आमच्या जिल्ह्याला बारकं शोभत न्हाई."

"मग परंड्याला घेऊन जा त्यांना," मी म्हटलं. "किल्ल्यात तोफा पडून आहेत, हात लावून बघू दे. मलिक-ए-मैदान तिथंच होती म्हणावं. १५४९मध्ये अहमदनगरला ओतली, परंड्याच्या किल्ल्यावर राहिली, १६३२मध्ये विजापूरला नेली. पंचावन्न टनांची. तोंड सव्वादोन फुटांहून रुंद. आपल्या जिल्ह्यानं पाहिलेला सगळ्यात मोठा बोअर तोच. जमलं तर विजापूरहून परत आणा म्हणावं, हाताला सोपी नाही पण लग्नात शोभेल."

सुभेदार हसत हसत मोटार बंद करायला पळाले. टाकी केव्हाच भरून वाहत होती. वहिनींनी पाटी उचलली, चार पावलं गेल्या आणि परत वळल्या. समोरच्या घरातली काकू पाण्याचा हंडा घेऊन दारात थबकली होती. आमच्या बोलण्यातलं शेवटचं तेवढं तिच्या कानावर गेलं असावं, कारण ती तिथूनच ओरडली, "काय ओ वहिनी, आप्पा तोफ घ्यायलेत म्हणं?"

वहिनींनी माझ्याकडं एकदा बघितलं. मग पदर खोचून गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "हाव. विजापूरवरनं यायली. पण कुणाला सांगू नका."